१६७३ची हुबळी पटावर मांडायची तर

बुद्धिबळाच्या पटावर राजा असतो, वजीर असतो, हत्ती, घोडे, उंट आणि प्यादीही असतात. शेतकरी मात्र नसतो. विणकर नसतो, सावकार नसतो, बैलांचा तांडा नसतो आणि पाऊस तर कधी पडतच नाही. त्यामुळे बुद्धिबळ हा बुद्धीचा उत्तम खेळ असला, तरी त्यावरून राज्य कसे चालते ते कळत नाही. प्रशियाच्या लष्कराला ही उणीव जाणवली होती. १८२४ साली राइसवित्स नावाच्या तिथल्या तरुण अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर खेळायचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात मध्यस्थ पंच असे. शत्रूची जेवढी बातमी प्रत्यक्ष सेनापतीला कळू शकली असती, तेवढीच तो खेळणाऱ्याला सांगे. आज आपल्या घरांतली मुले संगणकावर जे राज्यांचे खेळ खेळतात, ते याच घराण्यातले. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा त्यांतला नावाजलेला खेळ १९९३ साली फ्रान्समध्ये पुठ्ठ्याच्या पटावर आला आणि २००० साली स्वीडनमधल्या कंपनीने तो संगणकावर नेला. २००९च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये तर मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते.

अशा खेळात एखादे साल, एखादा मुलूख आणि त्या वेळची परिस्थिती ठरवून प्रसंग मांडतात. त्याला ‘सिनॅरिओ’ म्हणतात. आपण नुसते ‘डाव’ म्हणू. डाव मांडणाऱ्याला काही प्रश्न टाळताच येत नाहीत. पटावर कोणाला बसवायचे? कोणाजवळ किती पैसा? कोणती चाल केव्हा करता येईल? आणि जिंकला असे कोणाला म्हणायचे? लेख लिहिणारा ‘राज्यात अशांतता होती’ असे एक वाक्य टाकून पुढे जाऊ शकतो. डाव मांडणाऱ्याला ती अशांतता नेमकी कोणाला आणि कितीला पडली, हे नियमात लिहावे लागते.

म्हणून आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे एक कल्पना ठेवतो. असा डाव आपल्याच गावावर मांडायचा. साल १६७३, मुलूख हुबळीचा. हे साल निवडण्यामागे कारण आहे. त्या वर्षी मराठी फौजांनी हुबळी लुटली. आपण मराठी, आणि आपण हुबळीकर. पटावर आपली खुर्ची कोणती, हा प्रश्न इथे पहिल्याच चालीला उभा राहतो.

तो उन्हाळा

आधी घडले काय ते पाहू. नोव्हेंबर १६७२मध्ये विजापूरचा दुसरा अली आदिलशहा वारला. गादीवर आलेला सिकंदर चार-पाच वर्षांचा होता. कारभार खवासखानाच्या हाती गेला आणि दक्षिणी सरदार व पठाण सरदार यांच्यातले जुने वैर उघड झाले. पठाणांचा पुढारी बहलोलखान होता. शिवाजी महाराजांनी ही वेळ अचूक साधली. मार्च १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. एप्रिलमध्ये जतजवळ उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला जेरीस आणले आणि मग वाट सोडली. ती गोष्ट महाराजांना रुचली नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत नेसरीला प्रतापराव पडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

या दोन घटनांच्या मध्ये, त्याच उन्हाळ्यात, हुबळीवर धाड पडली. तिचे नेतृत्व कोणी प्रतापरावांकडे देतात, कोणी अण्णाजी दत्तोंकडे. पेठ लुटली गेली. विजापूरचा सरदार मुजफ्फरखान धावून आल्यामुळे गाव पुरते बुडाले नाही. लुटीत इंग्रजांची वखारही सापडली. कारवारच्या वखारीखाली तिचे काम चाले. इंग्रजांनी आपल्या नुकसानीचा आकडा ७,८९४ होन असा लावला आणि भरपाईसाठी महाराजांकडे तगादा सुरू केला. पुढे जून १६७४मध्ये राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा तहाच्या बोलण्यात हा विषय होताच. राजापूरच्या जुन्या लुटीपोटी १०,००० होन कबूल झाले. हुबळीचे मात्र काही मिळाले नाही.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजांचे नुकसान शेवटच्या होनापर्यंत कागदावर उतरले, कारण त्यांची कागद लिहिण्याची सवय आणि वकील पाठवण्याची ऐपत दोन्ही होती. ज्या शेट्टींच्या दुकानांतून आणि विणकरांच्या मागांवरून तो माल आला होता, त्यांच्या बाजूने बोलायला रायगडावर कोणी वकील नव्हता. आपल्या डावात ही कसर भरून काढता येईल.

पाच खुर्च्या

या डावाला दोन खेळाडू पुरणार नाहीत. निदान पाच हवेत.

पहिली खुर्ची स्वराज्याची. तिच्याजवळ वेगवान घोडदळ आहे, नुकताच हाती आलेला पन्हाळा आहे आणि दरबारात काय चालले आहे याची ताजी बातमी आहे. चणचण आहे ती पैशाची. राज्याभिषेक वर्षभरावर आला आहे. गडांची डागडुजी, पागेचा खर्च, सैन्याचा पगार हे सगळे डोंगराळ मुलखाच्या वसुलात भागत नाही.

दुसरी खुर्ची विजापूर दरबाराची. इथे एकाऐवजी दोघांना बसवावे आणि खजिना एकच द्यावा. एक खवासखान, दुसरा बहलोलखान. दोघांना मिळून राज्य राखायचे आहे, पण एकाची फत्ते झाली की दुसऱ्याचे वजन घटणार. घरातल्या दोन मुलांना एकच बशी दिली म्हणजे काय होते ते आपण पाहतोच. ‘आदिलशाही दुबळी झाली होती’ हे वाक्य मग कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी खुर्ची देसाई-नाडगौडांची. घाटावरच्या महाराष्ट्रात ज्याला देशमुख म्हणतात, तो इकडे देसाई. त्याच्याजवळ गढी आहे, थोडी शिबंदी आहे, आणि कोणत्या गावातून किती वसूल निघतो याची खडान्‌खडा माहिती आहे. सुलतान बदलला तरी देसाई त्याच जागी असतो. त्याच्या जिंकण्याचा नियम सोपा आहे. डाव संपताना वतन त्याच्याकडे राहिले की तो जिंकला, मग वरचा शिक्का कोणाचाही असो.

चौथी खुर्ची पेठेची, म्हणजे शेट्टी, सावकार आणि विणकर यांची. धारवाडच्या काळ्या जमिनीतला कापूस, त्याचे सूत, सुताचे कापड, आणि ते कापड बैलांवर लादून घाटाखाली कारवारला, अशी ही साखळी होती. घाटावरच्या या विणकामाच्या मुलखात हुबळी आणि इतर गावे मिळून कंपनीसाठी काम करणाऱ्यांचा आकडा जुन्या कानडा गॅझेटियरने ५०,००० दिला आहे. तो फुगलेला मानून निम्मा केला तरी लहान नाही. एवढी माणसे ज्या धंद्यावर जगतात, त्याला पटावर नुसते नाण्याचे चित्र काढून भागणार नाही.

पाचवी खुर्ची कारवारच्या इंग्रजांची. त्यांना मुलूख जिंकायचा नाही. १६६५ साली महाराज कारवारवर आले, तेव्हा गावावर बसलेल्या खंडणीत इंग्रजांनी आपला ११२ पौंडांचा वाटा भरला होता. माल वेळेवर बंदरात पोचावा आणि बुडाला तर भरपाई मिळावी, एवढेच त्यांना हवे. त्यांना सैन्याच्या सोंगट्या द्यायच्या नाहीत. फक्त पत्रे द्यायची.

रंग भरू नयेत

संगणकावरच्या बहुतेक खेळांत नकाशा रंगवलेला असतो. एक मुलूख जिंकला की तो आपल्या रंगाचा होतो. डोळ्यांना ते सोपे पडते, पण दक्षिणेतल्या त्या काळाला हा नियम लागू पडत नाही. हुबळीचाच पुढचा इतिहास पाहा.

१६८६मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. उमराणीला ज्याची वाट मोकळी केली, त्या बहलोलखानाच्या मियाना घराण्यातल्या अब्दुल रौफखानाला या भागाची जहागीर मिळाली आणि त्यातूनच सावनूरची नवाबी उभी राहिली. म्हणजे हुबळी नवाबाची झाली. पण १७१९मध्ये शाहू महाराजांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. त्यामुळे त्याच हुबळीच्या वसुलावर चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा असा मराठ्यांचा हक्क बसला. नवाब दिल्लीचा नोकर, वसुलातला वाटा साताऱ्याचा आणि गावचा खरा कारभार देसायाचा. यात एक रंग कोणता भरणार?

१७२७मध्ये सावनूरचा नवाब मजीदखान याच्या काळात बसप्पा शेट्टी या व्यापाऱ्याने नव्या हुबळीचा किल्ला आणि पेठ वसवली. आज आपण जिला दुर्गदबैल म्हणतो, केशवापुरातून रिक्षाने काही मिनिटांत जिथे भाजी आणि कापड घ्यायला जातो, ती त्याच पेठेची जागा. किल्ला राजाने बांधायचा आणि पेठ त्याच्या सावलीत वाढायची, अशी आपली समजूत असते. इथे व्यापाऱ्याने किल्ला बांधला. लुटली गेलेली पेठ दोन पिढ्यांत आपल्या भोवती तट उभारते, याचा अर्थ ती पटावरचे निर्जीव बक्षीस नव्हती. तिला स्वतःच्या चाली होत्या.

पुढे १७५६मध्ये नानासाहेब पेशव्यांनी सावनूरकराला नमवून हा भाग घेतला. मग हैदर आला, मग टिपू. १७९०च्या सप्टेंबरमध्ये परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची पलटण मदतीला होती. आत टिपूचा बदरुज्जमानखान होता. किल्ला हाती आला तो १७९१च्या एप्रिलमध्ये. त्यानंतर हा मुलूख पुन्हा मराठ्यांचा झाला. १८१७-१८मध्ये पेशवाई गेली आणि १८२०मध्ये सांगलीकर पटवर्धनांकडची जुनी हुबळीही इंग्रजांकडे गेली. दीडशे वर्षांत धनी इतके बदलले. हळे हुबळीच्या विणकराच्या घरात या काळात साधारण सहा पिढ्या झाल्या असतील. त्या घराने माग मात्र बदलला नसेल.

म्हणून आपल्या डावात मुलखाला रंग नको. प्रत्येक गावावर निरनिराळ्या हक्कांच्या चकत्या ठेवाव्यात. एक वसुलाची, एक चौथाईची, एक वतनाची, एक ठाण्याची. चारही चकत्या एकाच हाती येणे जवळजवळ अशक्य करावे. तेच खरे होते.

पाऊस, वैरण आणि बातमी

नियमांतला पहिला नियम ऋतूंचा. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृगाच्या आत माघारी, हे सैन्याचे वर्ष. हुबळीवरची धाड ऐन उन्हाळ्यात पडली यात नवल नाही. रब्बीचे पीक घरात आलेले, कापूस वेचून झालेला, काळी जमीन सुकून घट्ट झालेली. पहिला मोठा पाऊस पडला की हीच माती घोड्याचा पाय सोडत नाही. पटावर एका वर्षाच्या सहा चाली ठेवाव्यात आणि त्यांतल्या दोन पावसाळ्याच्या. त्या चालींत फौज हलवायची नाही. फक्त पोसायची.

पोसणे किती कठीण, हे महाराजांच्या चिपळूणच्या छावणीतल्या त्याच सुमाराच्या प्रसिद्ध पत्रावरून दिसते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणागवत आताच उडवले तर पुढे मिळणार नाही, मग घोडी मरू लागतील. तुम्ही कुणब्यांकडून दाणा, गवत, भाजीपाला काढू लागलात तर ते घर सोडून जातील आणि तुम्ही त्यांना मोगलांहून वाईट ठराल, अशी त्यात तंबी आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी पेटवू नये, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात पळवील, इतक्या बारीक गोष्टींपर्यंत ते पत्र जाते. डाव मांडणाऱ्याला यापेक्षा चांगला नियम शोधून सापडणार नाही. वैरणीचा साठा संपला की रयतेची चकती उलटी करायची. ती उलटली की पुढच्या वर्षीचा वसूल निम्मा.

दुसरा नियम वेढ्याचा. गढी लहान असली तरी वेळ खाते. धारवाडने सहा महिन्यांहून जास्त काळ खाल्ला. बैलहोंगलजवळच्या बेळवडीची गोष्ट तर आपल्या भागात प्रत्येकाला माहीत आहे. १६७८च्या सुरुवातीला दक्षिणेची मोठी मोहीम फत्ते करून महाराज परतत असताना बेळवडीच्या देसाईणीने मराठी फौजेला सत्तावीस दिवस झुंजवले, असे सांगतात. मराठीत ती सावित्रीबाई, कन्नडमध्ये मल्लम्मा. राजापूरच्या इंग्रजांनी त्या फेब्रुवारीत लिहिले की, इतकी राज्ये जिंकणाऱ्याला ही एक बाई आवरेना. जिंजी आणि वेल्लोरपर्यंत गेलेल्या फौजेला एका गढीने अडवावे, हे पटावर घडू शकले पाहिजे. नाहीतर नियम चुकले असे समजावे.

तिसरा नियम बातमीचा, म्हणजे प्रशियाच्या त्या पंचाचा. मुजफ्फरखान कुठवर आला, हे लुटणाऱ्याला पक्के ठाऊक नसते. फौज येते आहे, हे पेठेलाही वेळेवर कळेलच असे नाही. एक मोठे माणूस पंच म्हणून बसवावे आणि त्याने चिठ्ठ्या एक चाल उशिरा द्याव्यात.

जिंकला कोण?

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटचा. हुबळी लुटली आणि स्वराज्याच्या खजिन्यात होन आले, म्हणजे स्वराज्य जिंकले का? एका चालीपुरते, हो. शत्रूच्या पेठेतला पैसा काढून शत्रूलाच दुबळे करणे ही त्या काळच्या सगळ्याच राज्यांची रीत होती. विजापूरची, मोगलांची आणि पुढे इंग्रजांचीही. त्यासाठी आज लाज बाळगायला नको आणि ढोलही पिटायला नको.

पण डाव एका वर्षाचा न ठेवता दहा वर्षांचा ठेवला की हिशेब बदलतो. १६७५मध्ये फोंडा घेतला, कारवार आणि अंकोला ताब्यात आले. कारवार आपले झाले म्हणजे हुबळीहून कारवारला जाणारे कापड आपल्या जकातीचे झाले. काल लुटायची होती ती पेठ आता भरभराटीला यावी, असे वाटू लागते. लुटणाराच राखणदार व्हायला निघतो. पुढे १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकारांचे महत्त्व सांगितले, परमुलखातूनही व्यापारी आणून पेठा वसवाव्यात असे बजावले. त्यामागे ही दोन पिढ्यांची शिकवण आहे. डावाच्या गुणपद्धतीत हे उतरवता येते. लुटीचे गुण लगेच मिळावेत, पण प्रत्येक लुटीमागे त्या पेठेतले चार माग कायमचे कमी व्हावेत. विणकराची मत्ता त्याच्या हातांत असते. तो हात घेऊन दुसऱ्या गावी जाऊ शकतो. दहाव्या वर्षी जिंकेल तो ज्याच्या मुलखात अजून माग चालू आहेत.

आपली खुर्ची

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. गणपतीत आपण शिवकालीन प्रसंगांचे देखावे करतो. अफजलखान आणि प्रतापगड, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक. हुबळीच्या लुटीचा देखावा सहसा कोणी करणार नाही. तो प्रसंग आपल्याला अवघडवतो. आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे मूळ पुरुष पटवर्धनांच्या वा पेशव्यांच्या कामावर इकडे आले, कित्येकांचे रेल्वेबरोबर आले. आज आपली मुले शाळेत कन्नड शिकतात आणि मल्लम्माचा धडा वाचून घरी येतात. घरी महाराजांच्या गोष्टी ऐकतात. दोन्ही ऐकून त्यांनी ‘मग आपण कोणाचे?’ असे विचारले, तर विषय बदलू नये.

डाव मांडणे हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. पुठ्ठ्याचा नकाशा, शंभर-दीडशे चकत्या, पाच खुर्च्या आणि एक पंच, एवढाच खर्च आहे. नकाशावर गावांची नावे कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत लिहावीत. शेजारच्या कन्नड घरांतल्या मुलांनाही बोलवावे. एकच अट ठेवावी. डाव पाच संध्याकाळी खेळायचा आणि दररोज खुर्ची बदलायची. सोमवारी प्रतापराव झालेल्या मुलाने मंगळवारी शेट्टी व्हायचे, बुधवारी देसाई. ज्याने आदल्या संध्याकाळी पेठ लुटली, त्याने दुसऱ्या संध्याकाळी त्याच पेठेत बसून उरलेले माग मोजायचे. मोजून झाले की पंचाने त्याला विचारावे : या वर्षी कापड कोणाला विकणार, आणि कोणत्या वाटेने पाठवणार?